पुढचा फलंदाज

शनिवार सकाळ, भाईंदर. खाली भाजीवाला ओरडतोय, बाबा पेपरात डोकं घालून बसलेत, आणि मी चहाचा दुसरा कप घेऊन पुन्हा एकदा इथे. गेले तीन वीकएंड काही लिहिलं नाही म्हणून एक-दोन मित्रांनी हक्काने शिव्या घातल्या. खरं कारण सांगून टाकतो. मूडच नव्हता.

झालं असं, की एका प्रोजेक्टसाठी ऑनसाइट जायला माझं नाव जवळजवळ पक्कं होतं. घरी सांगूनही झालं होतं. (ही चूक करू नका. व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत आईला काही सांगायचं नसतं.) ऐनवेळी यादी आली आणि त्यात दुसऱ्याचं नाव. माझ्या वाट्याला काय, तर नव्याने भरती झालेल्या १४ पोरापोरींची बॅच. तीन महिने त्यांना शिकवायचं. वर कौतुक, की "तू समजावून छान सांगतोस रे!" शाळेच्या नाटकात काम न मिळालेल्या मुलाला पडदा ओढायला देतात ना, अगदी तसं वाटलं.

रात्री जेवताना माझी कुरकुर चालू होती. बाबांनी भात कालवता कालवता एवढंच विचारलं, "अमोल मुझुमदार माहितीये ना रे तुला?"

माहीत होता की. २०२५ चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या महिला संघाचा कोच. पण बाबांचा अमोल मुझुमदार वेगळा होता. वानखेडेच्या रिकाम्या स्टँडमध्ये बसून डबा खात बघितलेला, रणजीतला. त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर स्कोअरकार्डं काढून ताडून बघितलं आणि त्यात असा अडकलो, की आजचं लिखाण त्याच्यावरच.

तर मंडळी, गोष्ट सुरू होते फेब्रुवारी १९८८ मध्ये, आझाद मैदानावर. हॅरिस शील्ड, म्हणजे मुंबईच्या शाळांची सोळा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा. सेमीफायनल, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. शारदाश्रम २ बाद ८४ असताना विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर एकत्र आले. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. ६६४ धावांची अखंड भागीदारी. विनोद नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६, शाळा २ बाद ७४८.

पुढचा फलंदाज होता १३ वर्षांचा अमोल मुझुमदार. तो पॅड बांधून बसला आणि बसूनच राहिला. विकेट पडलीच नाही.

हे चित्र इतकं सोयीचं आहे, की गेली कित्येक वर्षं मुझुमदारवरचा प्रत्येक लेख इथूनच सुरू होतो. (हो, माझाही. :-)) बिचारा, नशिबातच वाट बघणं लिहिलेलं, वगैरे. पण त्या वयात, त्या शाळेत, त्या दोघांच्या पाठोपाठचा नंबर मिळवायला आधी तेवढं चांगलं खेळावं लागतं हे कुणी सांगत नाही. त्याचा पुरावा सहा वर्षांनी आला.

१९९३-९४ चा हंगाम. मुंबईचा कर्णधार रवी शास्त्री. फरिदाबादला हरियाणाविरुद्ध बाद फेरीचा सामना आणि १९ वर्षांच्या मुझुमदारचं रणजी पदार्पण. धावा २६०. प्रथम श्रेणीच्या पहिल्याच सामन्यात एवढ्या धावा तोवर जगात कुणीही केल्या नव्हत्या. हा विक्रम २४ वर्षांहून जास्त टिकला. डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने नाबाद २६७ करून तो मोडला, आणि २०२२ मध्ये बिहारच्या सकीबुल गनीने पदार्पणातच ३४१ ठोकल्या. त्या १९९४ साली मुंबईने रणजी करंडकही जिंकला. पोरगा आता इंडियाकडून खेळणारच, असं बाबांसकट सगळ्या मुंबईने धरून चाललं होतं. इंडिया ए संघात तो द्रविड आणि गांगुलीबरोबर खेळलाही.

आणि मग जून १९९६, लॉर्ड्स. एकाच कसोटीत पदार्पण करून गांगुलीने १३१ आणि द्रविडने ९५ केल्या. त्याच वर्षाच्या शेवटी लक्ष्मण आला. सचिन होताच, अझरुद्दीन होता. आपल्या भाषेत सांगायचं तर हेडकाउंट भरला. मधल्या फळीत जागा चार-पाच आणि त्या भरल्या त्या पुढची दहा-बारा वर्षं जवळपास कायमच्या. लॅटरल हायरिंग बंद!

निवडसमितीने अन्याय केला असं म्हणणं सोपं आहे. बाबा अजूनही म्हणतात. पण त्या चौघांतल्या कुणाला काढायचं होतं, हे विचारल्यावर तेसुद्धा गप्प होतात. मला स्वतःला वाटतं, की इथे कुणी खलनायक नाही आणि म्हणूनच ही गोष्ट जास्त टोचते. कुणी मुद्दाम अडवलं असतं तर निदान त्याला शिव्या घालता आल्या असत्या. इथे नुसती मोजदाद आहे. चांगली माणसं सहा, खुर्च्या चार.

मुंबईला ही मोजदाद नवीन नव्हती. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ विकेट घेतल्या आणि भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज. संपला विषय.

तर मुझुमदार काय करत होता? खेळत होता. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की किटबॅग उचलायची आणि कुठल्यातरी गावातल्या, बघायला कुणी नसलेल्या मैदानावर चार-चार दिवस उभं राहायचं. एकूण १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं, सरासरी ४८ च्या वर. एका टप्प्यावर रणजी करंडकात सर्वाधिक धावा त्याच्या नावावर होत्या, पुढे वसीम जाफरने त्याला मागे टाकलं. तो खेळत असताना मुंबईने आठ वेळा रणजी जिंकली.

त्यातली २००६-०७ ची तर त्याच्याच कप्तानीखाली. हा हंगाम मुद्दाम लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. पहिल्या तीन सामन्यांनंतर मुंबईच्या खात्यात शून्य गुण होते. शून्य! तिथून संघ सेमीफायनलला पोचला. तिथे बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलक होता ५ बाद ०. हे टायपो नाही. पाच गडी बाद, धावा शून्य. तरीही मुंबई ती मॅच जिंकली आणि मग वानखेडेवर बंगालला हरवून ३७ व्यांदा करंडक उचलला. बाबा म्हणतात, त्या हंगामाचं निम्मं श्रेय न घाबरण्याला द्यायला हवं. मी म्हणतो, तोवर तेरा हंगाम खेळलेल्या माणसाला माहीत असतं की वाईट आठवडा म्हणजे वाईट वर्ष नव्हे.

२००९ मध्ये मुंबईच्या एकदिवसीय संघातही जागा मिळेना, तेव्हा तो आसामला गेला. नंतर आंध्र. मुंबईकडून खेळलेल्या माणसाने आसामकडून खेळायचं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. २०१४ मध्ये, चाळिशीला दोन महिने असताना, निवृत्ती. भारताकडून सामने शून्य.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मूळ प्रश्न माझ्या डोक्यात वेगळाच होता. जो स्वतः वर पोचला नाही त्याने दुसऱ्यांना का शिकवावं, आणि शिकणाऱ्यांनी त्याचं का ऐकावं?

फुटबॉलवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच निकालात काढलाय. इटलीचा मॉरिझिओ सारी बघा. खेळाडू म्हणून हौशी लीगच्या वर कधी गेला नाही. दिवसा बँकेत नोकरी, संध्याकाळी छोट्या गावांच्या संघांना शिकवणं. चाळिशीच्या आसपास बँक सोडली आणि खालच्या विभागांतून एकेक पायरी चढत राहिला. २०१४ मध्ये त्याने एम्पोली संघाला सेरी ए मध्ये आणलं, मग नापोली, मग चेल्सीबरोबर २०१९ ची युरोपा लीग, आणि २०२० मध्ये युव्हेंटसबरोबर इटलीचं विजेतेपद. त्याच्याआधीचा आरिगो साक्की तर व्यावसायिक फुटबॉल खेळलाच नव्हता. वडिलांच्या बुटांच्या धंद्यात होता. त्याच्या एसी मिलानने १९८९ आणि १९९० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला.

पण इटलीपर्यंत जायची गरजच काय? आपल्याकडे शिवाजी पार्क आहे की. रमाकांत आचरेकर, जन्म १९३२, मालवणचे, नोकरी स्टेट बँकेत. प्रथम श्रेणीचा सामना आयुष्यात एकच, १९६३-६४ मध्ये मोईन-उद-दौला स्पर्धेत, तोही बँकेच्या संघाकडून. आणि शिष्य बघा: सचिन, कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, आगरकर, रमेश पोवार आणि आपला मुझुमदार. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं, आऊट करेल त्याचं नाणं, नाबाद राहिला तर फलंदाजाचं, ही त्यांची पद्धत सगळ्यांना माहितीये. १९९० मध्ये द्रोणाचार्य, २०१० मध्ये पद्मश्री. २ जानेवारी २०१९ ला सर गेले.

माझी थिअरी अशी. ज्याला एखादी गोष्ट आपोआप जमते, त्याला ती कशी जमते हे शोधायची वेळच येत नाही. ज्याला जमत नाही त्याला ती उघडून बघावी लागते. आपल्या धंद्यात नाही का, ज्याचा कोड पहिल्या फटक्यात चालतो तो डीबगर उघडतच नाही. सारी आणि आचरेकर सर हे डीबगर उघडून बसलेले लोक.

मुझुमदार मात्र ह्या खणात बसत नाही. त्याला खेळता येत होतं, उत्तम येत होतं. तरी यादीत नाव नव्हतं, वीस वर्षं. म्हणजे त्याच्याजवळ एक वेगळंच ज्ञान होतं: बाहेर बसणं म्हणजे काय. ते कोचिंगच्या कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

कोच म्हणूनही सुरुवात काही धूमधडाक्यात नव्हती. राजस्थान रॉयल्सचा फलंदाजी प्रशिक्षक. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या भारत दौऱ्यापुरता त्यांच्या फलंदाजांचा तात्पुरता कोच. २०२१ पासून मुंबई. जून २०२२ मध्ये बंगळुरूला रणजी फायनल, मुंबईचा कर्णधार आपल्या विरार लाइनचा पृथ्वी शॉ, समोर मध्य प्रदेश. आणि मध्य प्रदेशचा कोच कोण? चंद्रकांत पंडित! एकाच गुरूचे दोन शिष्य समोरासमोर. पंडितचाही हिशोब बाकी होता. १९९९ मध्ये ह्याच चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशचा कर्णधार म्हणून तो रणजी फायनल हरला होता. ह्या वेळी मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकलं. मुझुमदार पुन्हा दुसरा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. ४८ व्या वर्षी पहिल्यांदा भारतीय संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये हक्काची जागा. डिसेंबरमध्ये डी. वाय. पाटीलवर इंग्लंडला आणि वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला कसोटीत हरवलं. पण २०२४ च्या टी-२० वर्ल्ड कपमध्ये संघ सेमीफायनललाही पोचला नाही. तेव्हा लोक काय बोलत होते ते आता सगळे विसरलेत.

आणि मग २०२५. ऑक्टोबरमध्ये घरच्या वर्ल्ड कपमध्ये लागोपाठ तीन पराभव. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. (आठवला का २००६-०७ चा हंगाम?) ह्यातला तिसरा सामना, १९ ऑक्टोबर, इंदूर. संघाला एक जादा गोलंदाज हवा होता. मग कुणाला तरी बाहेर बसवावं लागणार. बाहेर बसली जेमिमा रॉड्रिग्ज.

इथे मी वाचता वाचता थांबलो. ज्या माणसाला आयुष्यभर कुणीतरी यादीतून वगळलं, तो आता स्वतः यादी करणाऱ्यांत बसलाय. एकटा नाही, कर्णधार वगैरे सगळे असतात, पण बसलाय. आणि मोजदाद तीच. चांगल्या खेळाडू बारा, जागा अकरा. स्वतः भोगलंय म्हणून वगळायचंच नाही, असं त्याला परवडणार नव्हतं. वाईट वाटतं म्हणून बारावा खेळाडू मैदानावर उतरवता येत नाही.

तो सामना आपण ४ धावांनी हरलो. चार दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध जेमिमा परत संघात आली, तीही वरच्या तिसऱ्या क्रमांकावर. नाबाद ७६. ३० ऑक्टोबरला सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा, आणि मुझुमदारने ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर लिहिलं की फायनलला जायला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवीये. जेमिमा नाबाद १२७. महिला एकदिवसीय क्रिकेटमधला तोवरचा सर्वात मोठा पाठलाग. नंतर बोलताना तिने त्या स्पर्धेतलं रडणं, घाबरणं काहीही लपवलं नाही.

२ नोव्हेंबरची फायनल आमच्या सोसायटीने खाली पडदा लावून बघितली. पावसामुळे उशिरा सुरू झाली, संपेपर्यंत बारा वाजून गेले होते. पुन्हा तीच मोजदाद बघा. प्रतीका रावल जखमी झाली म्हणून मूळ संघात नसलेली शेफाली वर्मा आत आली. तिच्या ८७ धावा आणि दोन विकेट. दीप्तीचं अर्धशतक आणि पाच बळी. भारत २९८, दक्षिण आफ्रिका २४६. प्रतीका व्हीलचेअरवर बसून जल्लोषात होती. शेवटी हरमनप्रीत कोचच्या पाया पडायला वाकली, तेव्हा पडद्यासमोरची आमची सगळी म्हातारी मंडळी एकदम शांत झाली. त्याचा ५१ वा वाढदिवस नऊ दिवसांवर होता.

परवा जेवताना बाबा हे सगळं सांगून म्हणाले, "झाला की नाही शेवटी न्याय?"

मी म्हटलं, "नाही बाबा, मला नाही पटत."

पेपरांतही हेच वाचलं होतं: जे खेळाडू म्हणून मिळालं नाही ते कोच म्हणून मिळालं, देर है अंधेर नहीं, इत्यादी. पण कसली भरपाई? कोचच्या गळ्यातल्या मेडलने भारताची कॅप मिळत नाही. ती राहिली ती राहिलीच. आणि दुसरं म्हणजे, भरपाई झाली म्हणताना आपण नकळत म्हणतो की त्या ११,१६७ धावा नुकसानीत होत्या. फरिदाबादचे २६०, ५ बाद ० वरून जिंकलेला सामना, आसामसाठी काढलेली शतकं आणि सकाळी नऊला रिकाम्या मैदानावर घेतलेले गार्ड ही काय वेटिंग लिस्ट होती? ते त्याचं काम होतं आणि ते त्याने वीस वर्षं चोख केलं. वर्ल्ड कप हरलो असतो तरी ते तितकंच चोख राहिलं असतं. शेफालीचा एक झेल सुटला असता, सुटला नसता, ह्यावर एका माणसाच्या आयुष्याचा निकाल कसा लावायचा?

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी वानखेडेवर जायचो ते काय तो इंडियाकडून खेळेल म्हणून जायचो होय! बॅटिंग बघायला जायचो." आणि ताट उचलून आत गेले.

असो. सोमवारपासून बॅच सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी पालघरहून रोज येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "सर, दोन ऑब्जेक्टमधला डेटा सेम असताना हॅशमॅप त्यांना वेगवेगळ्या की का समजतो?" पाच वर्षं मी हे वापरतोय. उत्तर पाठ होतं, ते म्हणून दाखवलं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला समजलं नाही, आणि बोलता बोलता मला कळलं की मलाही धड समजलेलं नाही. त्या रात्री लोकलमध्ये बोरिवलीपासून उभ्याउभ्या वहीत आकृत्या काढत आलो. सकाळी पुन्हा समजावलं. ह्या वेळी तिने मान हलवली, आणि मागच्या बाकावरच्या दोघांनीसुद्धा.

ऑनसाइटचं वाईट वाटतंच. यादी पुन्हा सहा महिन्यांनी निघेल, तेव्हा नाव द्यायचं हे ठरलेलं आहे. पण ते चौदाजण पडदा ओढायचं काम नाहीत, एवढं आता मी कबूल करतो.

चहा गार झाला. आईला अजून सांगायचंय की व्हिसाच्या फोटोसाठी शिवलेला शर्ट मी बॅचच्या पहिल्या दिवशी घातला. बघू, काय म्हणते.